उमेदवार डेव्हिड लिव्हिंग्स्टन

आफ्रिकेतील प्रख्यात मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांचा जन्म सन १८१३ त स्कॉटलंडातील ब्लँटायर गावी गरीब घरी झाला. दहाव्या वर्षापासून ते सुताच्या गिरणीत सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत राबत. पहिल्या मजुरीतून त्यांनी लॅटिन व्याकरण विकत घेतले. काम चालू असता यंत्रावर पुस्तक ठेवून ते एकेक वाक्य वाचीत.

सन १८३८ त लंडन मिशनरी सोसायटीने त्यांस उमेदवार नेमून ऑंगार गावी रिचर्ड सेसिल पाळकांकडे शिक्षणास ठेविले. एकदा शेजारच्या मंडळीत उपदेशास उभे राहून त्यांनी शास्त्रवचन वाचले, तोच पुढील सर्व उपदेश मनातून नाहीसा झाला! आपण सर्व विसरलो, एवढे सांगून ते मंदिराबाहेर निघून गेले. प्रार्थना चालवितानाही ते अडखळत. सेसिलसाहेबांचा अभिप्राय प्रतिकूल गेला. परंतु कमिटीतील एका सभासदाने रदबदली केल्यावरून मुदत वाढवून मिळाली.

त्यांनी धीर सोडला नाही. वैद्यकीची परीक्षा देऊन व दीक्षा घेऊन ते डिसेंबर १८४० त आफ्रिकेस निघाले. सन १८७३ त तेथेच, बिछान्याशेजारी प्रार्थनेस गुडघे टेकलेल्या स्थितीत, ते मृत आढळले.

उपदेशक बंधूंनो, सभेत ज्याची जीभ अडखळते त्याने ही हकीकत ध्यानात ठेवावी.