विल्यम टिंडेल : एका शब्दाची पाच शतके

समलैंगिकतेविषयी बायबल नेमके काय सांगते, या प्रश्नावरून पाश्चात्त्य देशांतील ख्रिस्ती समाज गेली अनेक दशके विभागला गेला आहे. या वादात दोन्ही बाजू मूळ ग्रीक शब्दांचा आधार घेतात. हे शब्द थेट ग्रीकमधून इंग्रजीत आणून छापण्याचे काम प्रथम केले ते विल्यम टिंडेल यांनी. त्या भाषांतराची किंमत त्यांना प्राण देऊन मोजावी लागली.

टिंडेल यांचा जन्म १४९४ च्या सुमारास इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात झाला. ऑक्सफर्ड येथून १५१५ मध्ये ते एम.ए. झाले. पुढच्याच वर्षी इरॅस्मस या डच पंडिताने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला आणि मूळ संहिता युरोपातील अभ्यासकांच्या हाती आली. इंग्लंडमध्ये मात्र चर्चमधील वाचन लॅटिनमध्येच चाले. धर्माधिकाऱ्यांच्या अनुमतीशिवाय बायबलचे इंग्रजी भाषांतर करण्यास तेथे पंधराव्या शतकाच्या प्रारंभापासूनच बंदी होती. नांगर धरणाऱ्या पोरालाही शास्त्र कळले पाहिजे, हा टिंडेल यांचा ध्यास होता. संस्कृतातील गीता प्राकृतात आणणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या भूमीत या ध्यासाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

१५२३ मध्ये त्यांनी लंडनचे बिशप कथबर्ट टन्स्टल यांच्याकडे आश्रय मागितला, पण तो मिळाला नाही. कापडाचे व्यापारी हम्फ्री मन्मथ यांच्या मदतीने १५२४ मध्ये ते जर्मनीला गेले आणि पुन्हा कधीही मायदेशी परतले नाहीत. कोलोन येथे सुरू झालेली छपाई विरोधकांना सुगावा लागल्याने अर्धवट राहिली. छापलेले कागद घेऊन ते वर्म्सला पोहोचले आणि १५२६ मध्ये तेथे संपूर्ण नवा करार छापून झाला. कापडाच्या गठ्ठ्यांत दडवून त्याच्या प्रती इंग्लंडमध्ये पोहोचू लागल्या. बिशप टन्स्टल यांनी त्या लंडनमध्ये जाहीरपणे जाळल्या.

हा रोष काही मोजक्या शब्दांवरही होता. चर्च या शब्दाऐवजी मंडळी, धर्मगुरूऐवजी वडीलधारा, प्रायश्चित्ताऐवजी पश्चात्ताप अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टिंडेल यांनी योजले होते. त्यामुळे चर्चच्या अधिकाराचा शास्त्रीय आधारच डळमळू लागला. सर थॉमस मोर यांनी १५२९ मध्ये ग्रंथ लिहून या शब्दांवर हल्ला चढविला आणि टिंडेल यांनी १५३१ मध्ये त्याला उत्तर दिले. भाषांतरातील एक शब्द बदलला की सत्तेचे गणित बदलते, हे दोघेही पुरते ओळखून होते.

आज सर्वाधिक वाद ज्या शब्दांवर होतो, ते मात्र तेव्हा या भांडणात नव्हते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलाने देवाच्या राज्याला मुकणाऱ्यांची यादी दिली आहे. तीत ‘मालाकॉय’ आणि ‘आर्सेनोकॉइटाय’ असे दोन शब्द येतात. पहिल्याचा शब्दशः अर्थ मऊ किंवा नरम. दुसरा पुरुष आणि शय्या या दोन शब्दांच्या जोडणीतून झालेला असून पौलाच्या आधीच्या उपलब्ध ग्रीक लेखनात तो आढळत नाही. मार्टिन ल्यूथर यांनी जर्मनमध्ये दुसऱ्या शब्दासाठी मुलांना भ्रष्ट करणारे अशा अर्थाचा शब्द वापरला होता. टिंडेल यांनी पहिल्यासाठी दुबळे हा शब्द घेतला. दुसऱ्यासाठी पुरुषांशी स्वतःचा गैरवापर करणारे, अशा अर्थाची लांबलचक शब्दरचना केली.

टिंडेल या बाबतीत उदार होते, असे मानण्यास आधार नाही. १५३० मध्ये छापलेल्या मोशेच्या पाच ग्रंथांच्या भाषांतरात लेवीयमधील मनाई त्यांनी स्पष्ट शब्दांत दिली आहे. मात्र त्यांची शब्दरचना कृतीचा निर्देश करीत होती. लैंगिक कल हे माणसाचे लक्षण मानण्याची आजची कल्पना तेव्हा नव्हती. समलैंगिक या अर्थाचा आधुनिक शब्दच मुळी १८६९ मध्ये जर्मनमध्ये प्रथम छापला गेला. टिंडेल हयात असतानाच, १५३३ मध्ये, इंग्लंडच्या संसदेने अशा कृतीला मृत्युदंड ठरविला. त्याच कायदेपरंपरेतून १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ३७७ आले. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातून वगळले.

मे १५३५ मध्ये अँटवर्प येथे विश्वासघाताने टिंडेल यांना पकडण्यात आले. व्हिलवोर्डच्या किल्ल्यातील तुरुंगातून त्यांनी उबदार कपडे, दिवा आणि हिब्रू बायबल, व्याकरण व शब्दकोश यांची मागणी केली होती. ऑक्टोबर १५३६ मध्ये गळा आवळून त्यांना ठार करण्यात आले आणि नंतर त्यांचा देह जाळण्यात आला. पुढच्याच वर्षी, बव्हंशी त्यांच्याच भाषांतरावर आधारलेल्या इंग्रजी बायबलला राजाची परवानगी मिळाली. १६११ च्या किंग जेम्स बायबलमधील नव्या कराराचा चार पंचमांशांहून अधिक भाग त्यांचाच आहे. पुरुषांविषयीची ती शब्दरचनाही त्यात कायम राहिली.

१९४६ मध्ये अमेरिकेतील सुधारित आवृत्तीने पौलाचे दोन्ही शब्द एकत्र करून तेथे समलैंगिक हा एकच शब्द घातला. कृतीच्या जागी माणसांचा एक संपूर्ण वर्ग आला. संयमाने जगणारी व्यक्तीही त्यामुळे केवळ तिच्या कलामुळे दोषी ठरत होती. समितीने १९७१ मध्ये तो शब्द मागे घेतला, पण त्याजागी आलेला लैंगिक विकृत हा शब्दही तितकाच बोचरा होता. १९८९ व २०२१ मध्ये रचना पुन्हा बदलली. पौलाचा शब्द लेवीयच्या ग्रीक भाषांतरातून घडला असून मनाई सर्वव्यापी आहे, असे एका पक्षाचे अभ्यासक म्हणतात. तो शोषणाच्या किंवा वेश्याव्यवसायाच्या संदर्भातला आहे, असे दुसरा पक्ष मानतो. हा वाद मिटलेला नाही. दरम्यान त्या शब्दाच्या आधाराने कितीतरी माणसांना घराची आणि चर्चची दारे बंद झाली.

स्वतः टिंडेल यांनी आपले भाषांतर अंतिम मानले नव्हते. मूळ भाषेचा अर्थ कोठे निसटला असेल, तर जाणकारांनी तो दुरुस्त करावा, अशी विनंती त्यांनी वाचकांना आरंभीच केली होती. १५३४ मध्ये त्यांनी आपल्या नव्या कराराची सुधारित आवृत्ती स्वतःच काढली. त्यासाठी सारा मजकूर ग्रीकशी पुन्हा ताडून पाहिला होता.