पंतेनस आणि इब्री अक्षरांतील शुभवर्तमान

देवगड, मालवण व वेंगुर्ले या किनाऱ्यावरील आमच्या बंधुभगिनींस एक बोलणे वारंवार ऐकून घ्यावे लागते. ते हे की, ख्रिस्ती धर्म फिरंग्यांच्या गलबतांतून आला व त्यापूर्वी या देशास त्याचा गंधही नव्हता. यावर आमच्यातील काही उत्साही उपदेशक असे उत्तर करितात की, प्रेषित बर्थलमय हा स्वतः कोकणात उतरला होता व मत्तयाचे शुभवर्तमान त्याने येथे ठेविले होते. हे उत्तर ऐकावयास गोड आहे. परंतु ते ज्या एका पुरुषाच्या प्रवासावर उभे आहे, त्या पुरुषाची ओळख ते देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस असते. म्हणून आम्ही आज त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवितो. त्याचे नाव पंतेनस.

पंतेनस हा ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या शतकातला. तो सिसिली बेटातला असावा, असे त्याचा शिष्य क्लेमेंट याच्या लेखावरून पंडित समजतात. आरंभी तो स्तोयिक मताचा तत्त्वज्ञानी होता. हे मत सुखदुःख समान मानून विवेकाने वागावे असे शिकवी, आणि पौलाशी अथेनैत वाद करणाऱ्यांत या मताचे लोक होते हे वाचकांस स्मरत असेलच. पुढे तो ख्रिस्ती झाला, पण आपली जुनी विद्या त्याने टाकून दिली नाही. तीच घेऊन तो मिसर देशातील आलेक्सांद्रिया नगरात आला व सन १८० च्या सुमारास तेथील ख्रिस्ती शाळेचा मुख्य झाला.

ही शाळा म्हणजे मोठी इमारत व बाके असे कोणी समजू नये. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांस विश्वासाची मूलतत्त्वे शिकवावी, त्यांच्या शंका फेडाव्या, आणि विद्वान हेल्लेणी प्रश्न घेऊन आले तर त्यांसही उत्तर द्यावे, हे तिचे काम. थोडक्यात म्हणजे आमचे गावोगावचे उपदेशक पिंपळाच्या पारावर किंवा कोणाच्या पडवीत बसून जे करितात तेच. पंतेनस लिहिण्यापेक्षा तोंडी शिकविण्यात अधिक रमला असे दिसते. त्याचा एकही ग्रंथ आज उरलेला नाही, आणि त्याची थोरवी कळते ती त्याच्या शिष्यांवरूनच.

असा हा गुरू शाळा सोडून पूर्वेकडे निघाला. कैसरियाचा अध्यक्ष युसेबियस याने सन ३२५ च्या सुमारास मंडळीचा इतिहास पुरा केला, त्यात हे वृत्त आहे. वचनाविषयीच्या आवेशाने पंतेनस पूर्वेच्या राष्ट्रांत सुवार्तिक म्हणून गेला व हिंदुस्थानापर्यंत पोहोचला, असे तो सांगतो. पुढे जेरोम लिहितो की, त्या देशाच्या लोकांनीच माणसे पाठवून उपदेशक मागितला होता व आलेक्सांद्रियाचा अध्यक्ष देमेत्रियस याने पंतेनसास धाडिले. देमेत्रियस सन १८९ मध्ये अध्यक्ष झाला, आणि युसेबियस हा प्रवास त्याआधीचा धरितो असे दिसते. दोघांचा मेळ बसत नाही.

त्या काळी मिसरातून हिंदुस्थानास येणे अवघड होते, पण अपूर्व नव्हते. नाईल नदीतून कोप्तस गावापर्यंत नावेने यावे, तेथून उंटांवर बारा दिवसांचे वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदर गाठावे, आणि मग नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर शीड सोडावे. ज्या वाऱ्याच्या भयाने आमचे गाबीत बंधू होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहतात, त्याच वाऱ्यावर हे व्यापारी समुद्र ओलांडीत. मात्र ते जुलैच्या सुमारास निघत, म्हणजे आमच्या किनाऱ्याशी येईतो पावसाचा जोर सरलेला असे. एकट्या म्युस होर्मस बंदरातून वर्षास १२० पर्यंत गलबते इकडे येत, असे स्त्राबो नामक भूगोलकार ख्रिस्तजन्माच्या सुमारास लिहून गेला. पहिल्या शतकातील एका हेल्लेणी खलाशाच्या पुस्तकात कल्याणचे नाव आहे व त्याखालील बंदरांची यादीही आहे. तीतील औरन्नोबोआस म्हणजे आमचे मालवण, असे काही पंडितांचे मत आहे. त्यापुढील बेटांजवळ चाचे असतात असाही इशारा त्यात आहे, आणि ती बेटे म्हणजे वेंगुर्ल्याचे खडक असावेत.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. युसेबियसाच्या वृत्ताप्रमाणे पंतेनस तेथे पोहोचला तेव्हा ख्रिस्तास ओळखणारे काही लोक त्यास आधीच भेटले, आणि त्यांच्याजवळ मत्तयाचे शुभवर्तमान इब्री अक्षरांत लिहिलेले होते. बर्थलमयाने त्यांस उपदेश करून ते मागे ठेविले होते. जेरोम म्हणतो की पंतेनसाने ते आलेक्सांद्रियास परत नेले.

यातील हिंदुस्थान कोणता, हा पहिला प्रश्न. विसाव्या शतकात पेरुमालिल नामक जेसुइट पंडिताने तो कल्याणकडचा प्रदेश असे मत मांडिले. परंतु त्या काळचे लेखक अरबस्तानाच्या दक्षिण भागास व कूश देशालगतच्या मुलखासही हिंदुस्थान म्हणत. रुफिनस बर्थलमयाचा प्रांत कूश देशाजवळचाच सांगतो, आणि त्या प्रेषिताच्या मृत्यूची परंपरा तर अर्मेनियाची आहे. शिवाय इब्री अक्षरे वाचणारे हवेत, म्हणजे यहूदी हवेत. दक्षिण अरबस्तानात ते होते. कोकणातही बेने इस्राएल लोक आहेत, नवगावजवळ आपले पूर्वज गलबत फुटून उतरले असे ते सांगतात, व तेलाचा धंदा करून शब्बाथ पाळीत म्हणून शनवार तेली म्हणविले गेले. परंतु त्यांच्यात अशा शुभवर्तमानाची काही आठवण नाही. कल्याणात ख्रिस्ती लोक व इराणातून नेमून आलेला अध्यक्ष होता, ही साक्ष कॉस्मस नामक व्यापाऱ्याची आहे, व ती सहाव्या शतकातील, म्हणजे पंतेनसानंतर तीनशेहून अधिक वर्षांची. यास्तव बर्थलमय कोकणात आला असे छातीठोकपणे सांगू नये, असे आमचे मत आहे. तसे होऊ शकले असते, इतकेच म्हणावे.

दुसरा प्रश्न त्या पुस्तकाचा. मत्तयाने प्रभूची वचने इब्री भाषेत लिहिली, असे पापियस नामक अध्यक्ष दुसऱ्या शतकाच्या आरंभी सांगतो. परंतु आपल्या शास्त्रातले मत्तयकृत शुभवर्तमान मुळातच हेल्लेणी भाषेत, सन ८० ते ९० च्या सुमारास लिहिले गेले असे आजचे बहुतेक पंडित मानितात, कारण मार्काच्या सुमारे ६६० वचनांपैकी ६०० च्या आसपास वचनांचा मजकूर त्यात, पुष्कळदा त्याच हेल्लेणी शब्दांत, आला आहे. मग पंतेनसाच्या हाती काय आले? यहूदी ख्रिस्ती लोकांत निराळे एक शुभवर्तमान चाले. तसले पुस्तक सिरियातील बरोया येथील नासरी लोकांकडे जेरोमाने पाहिले होते, आणि पंतेनसाचे पुस्तक त्याच कुळातले असण्याचा संभव आहे. इब्री अक्षरे म्हणजे इब्री भाषाच असेही नाही. कोकणी भाषा गोव्यात रोमी अक्षरांत लिहितात आणि सावंतवाडीकडे बालबोधीत, तशीच अरामी भाषा इब्री अक्षरांत लिहिली जाई.

तरी मत्तयाचेच नाव त्या पुस्तकास का जडले हे उघड आहे. अब्राहाम व दावीद यांच्यापासून वंशावळ, जुन्या संदेष्ट्यांचे पदोपदी स्मरण, नियमशास्त्राची पूर्तता, हे सर्व यहूदी ऐकणाऱ्याच्या ओळखीचे. त्याच ग्रंथात पूर्वेकडील ज्ञानी लोक बाळ येशूच्या दर्शनास येतात आणि शेवटी शिष्य सर्व राष्ट्रांकडे धाडिले जातात. आमच्या मराठीतही हेच शुभवर्तमान आधी आले: सन १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे केरीसाहेबांनी ते छापविले.

आमच्या मनास सर्वांत लागते ते निराळेच. आपल्या काळचा एवढा विद्वान गुरू जेथे प्रथमच बी पेरावयाचे असे समजून गेला असेल, तेथे पीक उभे होते. त्याने ते लोक आपले शिष्य म्हणून मोजल्याचे युसेबियस सांगत नाही. त्या लोकांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत.

पंतेनस परत येऊन मरेपर्यंत शाळेत शिकवीत राहिला. सन २०० च्या सुमारास तो वारला असे मानितात. त्याच्यामागे क्लेमेंट शाळा चालवीत होता, तो सन २०२ च्या छळात नगर सोडून गेला, व तरुण ओरिजन त्या जागी आला. पंतेनसास गुरू मानणारा दुसरा एक, आलेक्सांद्र, पुढे यरुशलेमेचा अध्यक्ष झाला. त्याने तेथे एक ग्रंथसंग्रह उभारिला, आणि शंभर वर्षांनी युसेबियस आपला इतिहास लिहू लागला तेव्हा त्या संग्रहातील कागद त्याच्या उपयोगी पडले.