परिचारिकांची माउली : रमाबाई रानडे

गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात तुम्ही कधी गेला असाल. तेथे पांढऱ्या गणवेशातील परिचारिका तुम्ही पाहिल्या असतील. कोणी बाळंतिणीची नाडी पाहते, कोणी नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे वजन करते, कोणी औषधांची नोंद कागदावर लिहिते. त्यांना आपण आदराने सिस्टर म्हणतो. आपली मुलगी परिचारिका झाली, की आईवडिलांना अभिमान वाटतो.

परंतु शंभर वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. चांगल्या घरातील स्त्रीने रुग्णालयात काम करावे, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. परक्या माणसांची सेवा करणे, कोणाच्याही जखमा धुणे, रात्री घराबाहेर राहणे हे सारे हलके काम समजले जाई. हा समज बदलण्यासाठी महाराष्ट्रात ज्यांनी धडपड केली, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव फार मोठे आहे.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे आडनाव कुर्लेकर. घर सुखवस्तू होते. पण मुलींना शिकवण्याची चाल त्या घरात नव्हती. मुलगी लिहायला-वाचायला शिकली तर तिच्या संसारावर संकट येते, असा वेडगळ समज त्या काळी पसरलेला होता. त्यामुळे अकरा वर्षांच्या होईपर्यंत रमाबाईंना एक अक्षरही येत नव्हते.

1873 साली त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे हे मोठे विद्वान आणि समाजसुधारक होते. पुढे ते मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पत्नीने शिकले पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटे. लग्न झाल्याबरोबर त्यांनी स्वतःच रमाबाईंना मुळाक्षरे शिकवण्यास सुरुवात केली. थोड्याच दिवसांत रमाबाई मराठी वाचू लागल्या. मग त्या इंग्रजी शिकल्या. पुढे रानडे सरकारी कामासाठी कलकत्त्यास राहिले, तेव्हा दोघेही बंगाली शिकले.

हे शिक्षण सोपे नव्हते. घरात सासरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांना रमाबाईंचे शिकणे मुळीच आवडत नव्हते. त्या टोमणे मारत, अबोला धरत. रमाबाई दिवसभर घरातील कामे करत आणि सवड मिळेल तेव्हा अभ्यास करत. उलट उत्तर देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पण घेतलेली पाटी त्यांनी खाली ठेवली नाही. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून खटपट सुरू झाली, तेव्हा भर सभेत गव्हर्नरसाहेबांसमोर त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांना बरेच बोलणे ऐकावे लागले. ते त्यांनी मुकाट्याने सोसले. 1884 साली ती शाळा सुरू झाली. तीच पुण्याची प्रसिद्ध हुजूरपागा शाळा होय.

1896 साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगची भयंकर साथ आली. हजारो माणसे मेली. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी 1897 साली प्राण सोडला. या साथीत एक गोष्ट स्पष्ट दिसली. आजारी स्त्रिया पुरुष डॉक्टरांसमोर येण्यास लाजत. पडद्यातील स्त्रिया तर रुग्णालयाचे नाव काढताच घाबरत. त्यांची शुश्रूषा करण्यासाठी आपल्याच देशातील, आपली भाषा बोलणाऱ्या, शिकलेल्या परिचारिका हव्या होत्या. पण अशा परिचारिका फारच थोड्या होत्या. बाळंतपणे बहुधा न शिकलेल्या सुइणी करत. अस्वच्छतेमुळे कित्येक माता आणि बालके दगावत.

पुढे न्यायमूर्ती रानडे आजारी पडले. रमाबाईंनी रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली. पण 16 जानेवारी 1901 रोजी त्यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा अवघ्या अडतीस वर्षांच्या होत्या. मूलबाळ नव्हते. त्या पुण्यास आल्या आणि जवळजवळ एक वर्ष घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळच्या विधवेने असेच कोपऱ्यात बसून आयुष्य काढावे, अशी लोकांची अपेक्षा होती.

पण रमाबाई कोपऱ्यात बसून राहिल्या नाहीत. दुःख गिळून त्या उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या स्त्री-कैद्यांना धीर देऊ लागल्या. रुग्णालयात जाऊन आजारी बायकांची विचारपूस करू लागल्या. आपल्यासारख्या कितीतरी विधवा घरोघरी दुसऱ्यांच्या आश्रयाने जगत आहेत, हे त्या पाहत होत्या. त्यांना दोन वेळचे जेवण मिळे, पण मान मिळत नसे. त्यांच्या हातात एखादी विद्या असती, तर त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या असत्या. एकीकडे शुश्रूषेसाठी माणूस मिळत नाही आणि दुसरीकडे शेकडो स्त्रियांना काम नाही. या दोन्ही दुःखांवर मिळून एकच उपाय होता.

1908 साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन ही संस्था सुरू केली. मलबारी पारशी होते आणि दयाराम सिंधी होते. त्यांनी संस्थेचे अध्यक्षपद रमाबाईंकडे दिले. पुढच्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1909 रोजी, पुण्यातही सेवासदन सुरू झाले. त्यासाठी रमाबाईंनी आपला वाडाच मोकळा करून दिला. गोपाळ कृष्ण देवधर यांनी या कामात त्यांना मोलाची साथ दिली. तेथे स्त्रियांना लिहिणे-वाचणे, शिवणकाम आणि शिक्षिकेचे काम शिकवले जाऊ लागले. त्यांबरोबरच परिचारिका आणि सुईण यांच्या शिक्षणाची सोय करण्यात आली. हे शिक्षण पुण्याच्या ससून रुग्णालयात मिळे.

परिचारिकांचा वर्ग सुरू करणे हे सर्वांत अवघड काम ठरले. शिवणकाम शिकण्यास स्त्रिया येत. परंतु परिचारिकेच्या वर्गाचे नाव काढले, की घरची माणसे पाऊल मागे घेत. तेथे कोणत्या जातीच्या रोग्याला शिवावे लागेल, जेवणाचे कसे होईल, मुलगी रात्री कोठे राहील, लोक काय म्हणतील, असे अनेक प्रश्न निघत. रमाबाईंनी या प्रश्नांची थट्टा केली नाही. प्रश्न खरे होते, म्हणून त्यांनी खरी सोय केली. शिकणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह उघडले. तेथे राहण्याची, जेवणाची आणि देखरेखीची चांगली व्यवस्था ठेवली. न्यायमूर्तींची पत्नी स्वतः जबाबदारी घेते, हे पाहून लोकांना विश्वास वाटू लागला. एक आली, मग दुसरी आली. हळूहळू वाट रुळली.

मुलांनो, परिचारिकेचे शिक्षण म्हणजे केवळ पुस्तक पाठ करणे नव्हे. रोग्याला त्रास न होता त्याची चादर कशी बदलावी, ताप कसा मोजावा, नाडीचे ठोके कसे गणावेत, जखम कशी धुवावी, हत्यारे उकळून निर्जंतुक कशी करावीत, हे हातांनी करूनच शिकावे लागते. सर्वांत कठीण गोष्ट याहून वेगळी आहे. शिकत असताना मागे अनुभवी परिचारिका उभी असते. चूक झाली तर ती हात धरते. पण शिक्षण संपते आणि एक दिवस मध्यरात्री वॉर्डात आपण एकट्याच जबाबदार असतो. रोग्याचा श्वास जड झाला, तर आता डॉक्टरांना उठवायचे की थोडे थांबायचे, हे आपल्यालाच ठरवायचे असते. विद्यार्थिनीची परिचारिका होते ती या क्षणी.

रमाबाईंच्या काळातील विद्यार्थिनींना हा क्षण अधिकच अवघड होता. ज्या स्त्रीने घरात कधी स्वतःचा निर्णय घेतला नव्हता, तिला आता रोग्याच्या जिवाचा निर्णय घ्यायचा होता. ज्या विधवेचे तोंड सकाळी पाहू नये असे लोक म्हणत, तिच्याच हातांत आता नवीन जीव प्रथम येणार होता. म्हणून अशा स्त्रीला आधी धीर आणि स्वाभिमान मिळणे आवश्यक होते. सेवासदनात लिहिण्या-वाचण्याबरोबर नेमके हेच मिळाले. परीक्षा देऊन बाहेर पडणारी स्त्री आता कोणाच्या दयेवर जगणारी राहिली नाही. ती स्वतःच्या कष्टाचा पगार मिळवू लागली आणि मानाने राहू लागली.

रमाबाईंचे काम एवढ्यावरच थांबले नाही. 1913 साली गुजरात आणि काठियावाडात दुष्काळ पडला, तेव्हा त्या मदतीसाठी धावल्या. यात्रेच्या दिवसांत सेवासदनाच्या स्त्रियांना घेऊन त्या आळंदीस जात आणि यात्रेकरूंची सेवा करत. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे आणि स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा, यासाठीही त्यांनी चळवळ केली. आपल्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी लिहिले. मराठीतील आत्मचरित्रांत त्याला मानाचे स्थान आहे.

1924 साली रमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी पुण्याच्या सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिक्षण घेत होत्या. त्यांच्या मागेही काम थांबले नाही. 1927 साली आपल्या विदर्भात, नागपूर येथेही सेवासदन सुरू झाले. 1962 साली रमाबाईंच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा भारत सरकारने त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले.

परिचारिकांच्या व्यवसायालाही पुढे कायद्याचा आधार मिळाला. 1935 साली मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. 1947 साली संपूर्ण देशासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आज बारावीनंतर परिचर्येचे शिक्षण घेता येते. पदविकेसाठी तीन वर्षे लागतात आणि पदवीसाठी चार. शेवटी काही महिने विद्यार्थिनी रुग्णालयात प्रत्यक्ष जबाबदारीने काम करतात. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. नोंदणी झाल्यावरच परिचारिका म्हणून काम करता येते. ही नोंदणी म्हणजे नुसता कागद नाही. या हातांवर विश्वास ठेवा, असे रोग्याला दिलेले ते वचन आहे.

आज सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या खेड्यातील मुलगी परिचारिका होण्यासाठी घरातून निघते. तिच्याबरोबर ट्रंक असते, वह्या असतात आणि आईने बांधून दिलेला डबा असतो. ती हिंदू असेल, मुसलमान असेल, बौद्ध असेल किंवा आदिवासी असेल. वसतिगृहात तिला जागा मिळते, गावात तिच्या कामाला मान मिळतो. पहिल्या रात्रपाळीला तिची छाती धडधडते. पण तरीही ती रोग्याच्या खाटेजवळ न डगमगता उभी राहते. ज्या वाटेने ती चालते, ती वाट तयार करताना कोणाला तरी बोलणी खावी लागली होती. अकराव्या वर्षापर्यंत एक अक्षरही न येणाऱ्या एका मुलीने ही बोलणी हसतमुखाने सोसली आणि हजारो स्त्रियांसाठी दार उघडले.