खिडक्या झाकून विमान उतरवणारा जिमी डूलिटल, आणि कॉकपिटमधला कम्प्युटर बंद पडला तर काय होतं?

समजा, तुम्ही विमानात बसलाय. पावसाळ्याचे दिवस, बाहेर नुसते पांढरे ढग. उतरायला दहा मिनिटं राहिलीत. तुम्ही मोबाईल बॅगेत टाकताय आणि तिकडे कॉकपिटमध्ये स्क्रीनवरचा नकाशा अचानक गायब होतो. विमानाला रस्ता दाखवणारा फ्लाइट मॅनेजमेंट कम्प्युटर बंद पडलाय.

आता?

सिनेमात अशा वेळी लाल दिवे लागतात आणि लोक ओरडायला लागतात. खऱ्या कॉकपिटमध्ये यातलं फारसं काही होत नाही. का होत नाही, हे समजून घ्यायचं तर जवळपास शंभर वर्षं मागं जावं लागतंय, एका बुटक्या अमेरिकन बॉक्सरकडे. त्याचं नाव जेम्स डूलिटल. सगळे त्याला जिमी म्हणायचे.

जिमीचा जन्म १४ डिसेंबर १८९६ चा, कॅलिफोर्नियातल्या अलामेडाचा. बालपण मात्र गेलं अलास्कातल्या नोम या गावात. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी भरलेलं हे गाव. जिमी उंचीनं कमी, त्यामुळं पोरं त्रास द्यायची आणि हा मारामारी करायचा. पुढं तो बॉक्सिंगच करायला लागला.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जिमी सैन्यात जाऊन पायलट झाला. पण त्याला युद्धावर पाठवलंच नाही. हुशार म्हणून इतरांना शिकवायला अमेरिकेतच ठेवून घेतलं.

त्या काळी विमान चालवणं म्हणजे अंदाजाचा खेळ होता. खाली रेल्वेचे रूळ, नदी बघायची आणि त्या धरून जायचं. बसल्या जागी शरीराला काय जाणवतंय, त्यावर विमान सरळ आहे की तिरकं ते ठरवायचं. चांगला पायलट कोण? तर ज्याला हे आपसूक कळतं तो, असा समज होता.

यातच खरा धोका होता. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. विमान हळूहळू एका बाजूला वळत राहिलं की थोड्या वेळानं तिला ते वळण जाणवायचंच बंद होतं. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे चूक सुधारतात. ढगात मात्र पायलटला वाटतं आपण सरळ चाललोय, आणि विमान गोल गोल फिरत खाली येत असतं. टपाल घेऊन जाणारे कितीतरी पायलट अशा खराब हवेत गेले.

१९२२ मध्ये जिमी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाला आणि २४ तासांच्या आत पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला. असं करणारा तो पहिलाच. वाटेत रात्री त्याला वादळानं गाठलं. तेव्हा विमान वळतंय का, हे दाखवणारं एक छोटं उपकरण त्यानं बसवून घेतलेलं. त्या काळोखात त्याच काट्याकडं बघून तो निभावला.

इथून त्याच्या डोक्यात विषय पक्का बसला. तो एमआयटीमध्ये शिकायला गेला आणि १९२५ मध्ये विमानशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक. वाऱ्याचा विमानावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. अनुभवी पायलट सांगायचे, वारा कुठून येतोय ते आम्हाला बरोबर कळतं. जिमीच्या अभ्यासातून निघालं की जमीन दिसत नसेल तर ते कुणालाच कळत नाही. त्याला स्वतःलाही नाही.

१९२८ मध्ये गुगेनहाइम फंडानं धुक्यात विमान चालवण्याच्या प्रयोगांना पैसे दिले आणि जिमीला त्यावर नेमलं. जागा होती न्यूयॉर्कजवळची मिचेल फील्ड. पण त्याआधी त्याला स्वतःलाच फटका बसायचा होता. मार्च १९२९ मध्ये रात्री परत येताना धुक्यानं सगळी विमानतळं झाकून टाकली. इंधन संपत आलं. प्रयोगाची उपकरणं होती दुसऱ्या विमानात. शेवटी त्यानं विमान खाली घातलं आणि ते झाडाला आदळलं. विमान गेलं, जिमी वाचला.

सहा महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९२९ ला, तो कॉकपिटवर जाड कापड ओढून बसला. बाहेरचं काहीही दिसत नव्हतं. पुढच्या सीटवर बेन केल्सी हा दुसरा पायलट होता, गरज पडली तरच मदत करायला. तो हात बाहेर काढून बसलेला, म्हणजे विमान जिमीच चालवतोय हे खालच्यांना दिसावं.

जिमीसमोर होतं स्पेरी कंपनीचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान कुठं झुकलंय ते दाखवणारं उपकरण. जोडीला दिशा दाखवणारा जायरो, कोल्समनचा अचूक उंचीमापक, आणि धावपट्टीची रेषा सांगणारा रेडिओ. विमान उडालं, फिरून आलं आणि साधारण १५ मिनिटांनी त्याच मैदानावर उतरलं. बाहेर एकदाही न बघता केलेलं हे पहिलं उड्डाण आणि लँडिंग.

पुढं जिमी जगभर गाजला तो वेगळ्या कारणानं. १८ एप्रिल १९४२ ला त्यानं जहाजावरून १६ बॉम्बर उडवून जपानवर हल्ला केला. सगळी विमानं हातची गेली, त्यामुळं त्याला वाटलं आता कोर्ट मार्शल होणार. मिळालं मेडल ऑफ ऑनर. २७ सप्टेंबर १९९३ ला, वयाच्या ९६ व्या वर्षी तो गेला.

आता परत आपल्या विमानात या.

नकाशा गेला तरी कृत्रिम क्षितिज, उंची, वेग आणि दिशा दाखवणारी उपकरणं चालू असतात. त्यासाठी वेगळी राखीव उपकरणंही असतात. मुळात असे कम्प्युटर मोठ्या विमानात बहुतेक वेळा दोन असतात. दोन्ही गेले तरी क्रम ठरलेला आहे. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा बघायची, मग बोलायचं. एक पायलट फक्त विमान चालवतो, दुसरा चेकलिस्ट काढतो. कंट्रोल टॉवरला कळवलं की ते रडारवर बघून कुठं वळायचं ते सांगतात.

धावपट्टीवरून येणारे आयएलएस नावाचे रेडिओ सिग्नल पकडणारी यंत्रणा या कम्प्युटरपेक्षा वेगळी असते. पायलट तिची फ्रिक्वेन्सी हातानं लावतो आणि काट्यांकडं बघत खाली येतो. जिमीच्या रेडिओचं हे सुधारलेलं रूप. पण लँडिंग जर पूर्णपणे कम्प्युटरच्या मार्गावर अवलंबून असेल आणि बाहेर काही दिसत नसेल, तर पायलट खाली येतच नाही. विमान वर घेतो आणि दुसऱ्या पद्धतीनं परत येतो. आयएलएसवरही ठरलेल्या उंचीपर्यंत, साध्या प्रकारात साधारण २०० फुटांपर्यंत, धावपट्टी दिसली नाही तर वरच जायचं.

म्हणून पुढच्या वेळी विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं तर घाबरू नका. पुढं बसलेला माणूस अंदाजावर विमान खाली आणायला नकार देतोय. अंदाजानं काय होतं, हे जिमीनं झाडावर आदळून बघितलेलं.