सावित्रीबाईंचे घर



सावित्रीबाई फुले यांच्या शाळेविषयी आपण दर ३ जानेवारीला ऐकतो. मला आज त्यांच्या घराविषयी चार शब्द सांगायचे आहेत. आपण बायका जन्मभर घरच सांभाळतो. त्या माउलीने ते कसे सांभाळले, हे पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावी, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० साली, नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीरावांशी लग्न झाले. अक्षरओळख झाली ती सासरी, नवऱ्याकडून. १८४८ साली भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. वाटेत लोक शेण फेकीत. म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत, शाळेत बदलीत आणि शिकवायला उभ्या राहत.

बाहेरचा जाच माणूस सोशील. पण घरचेच दार बंद झाले तर? तेही झाले. लोकांच्या धाकाने सासऱ्यांनी १८४९ साली दोघांना घराबाहेर केले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकवू लागल्या. परक्याने दार उघडले म्हणून शाळा टिकली.

१८५६ साली आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. अस्पृश्य मानलेल्यांना शिकविता म्हणून भावाने बोल लावला. त्यांनी शांतपणे त्यालाच विचारले, की गाय-शेळीला कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ कसा? भाऊ निरुत्तर झाला. हे सारे त्यांनी जोतीरावांना पत्राने कळविले. पाठीशी उभे राहणारे एक माणूस घरात आहे, हा त्यांचा मोठा आधार होता.

पुढे स्वतःचे घर झाले, तेव्हा त्यांनी त्याचे दार लोकांसाठी उघडले. १८६३ साली तेथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवणूक झालेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, कोणी नाव विचारणार नाही. सावित्रीबाई स्वतः त्यांची बाळंतपणे करीत. अशाच एका विधवेचा, काशीबाईचा, मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

१८९० साली जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे हाती घेऊन सावित्रीबाई स्वतः पुढे चालल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंताच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करू लागल्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला.

माझी शाळा सातवीला सुटली. घरात कोणी शिव्या दिल्या नाहीत, मारले नाही. पण शिकू दे तिला, असे म्हणणारेही कोणी नव्हते. आज आपल्या डोळखांबला पाड्यापाड्यांवरून मुली शाळेला येतात. लोक बोलणारच. अंगावर शेण घेऊन लेक किंवा सून दारात आली, तर तिला रागे भरायचे, की धुतलेले लुगडे पुढे करायचे, एवढे तरी आपल्या हाती आहे. मी माझ्या घरापुरते ठरविले आहे. तुम्हीही ठरवा, एवढीच विनंती.