लीटा हॉलिंगवर्थ

विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोप-अमेरिकेंतील विद्वानांत एक मत रूढ होतें, कीं असामान्य बुद्धि व अत्यंत मंद बुद्धि हीं दोन्ही टोंकें पुरुषांतच अधिक. स्त्रिया बहुतेक मध्यम. तेव्हां त्यांस उच्च शिक्षण कशास? आमच्या खान्देशांत कापूसदेखील काट्यावर चढल्याविना कोणी विकत घेत नाहीं. परंतु हें मत तोलून पाहण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली. लीटाबाई त्यांपैकीं एक होत.

त्यांचा जन्म २५ मे १८८६ रोजीं अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतीं झाला. तीन वर्षांच्या असतांनाच त्या आईस पारख्या झाल्या. १९०६ सालीं पदवीधर होऊन त्यांनीं शिक्षिकेचें काम केलें. पण १९०८ सालीं हॅरी हॉलिंगवर्थ यांजशीं विवाह करून न्यूयॉर्कला आल्यावर कळलें, कीं तेथें विवाहित स्त्रीस शाळेंत जागा नाहीं. पुढें १९११ सालीं कोकाकोला कंपनीच्या खटल्याकरितां हॅरी यांनीं कॅफीनचे प्रयोग केले, बाईंनीं साह्य केलें, आणि त्या पैशांतून त्यांचें शिक्षण निघालें. पेयाच्या बाटलींतून विद्या निघाल्याचें हें उदाहरण विरळच!

कोलंबिया विद्यापीठांतील त्यांचे गुरु थॉर्नडाइक स्वतःच वरील मताचे पुरस्कर्ते होते. त्यांच्याच हाताखालीं राहून बाईंनीं तें तपासलें, हें आम्हांस गुरु-शिष्या दोघांसही भूषणावह वाटतें. हेलन माँटेग्यू यांजसह त्यांनीं १,००० मुलगे व १,००० मुली यांचीं जन्मतःचीं मापें १९१४ सालीं प्रसिद्ध केलीं. मुलग्यांत अधिक चढउतार आढळला नाहीं. महिन्यांतील ठराविक दिवसांत स्त्रीची बुद्धि मंदावते, ही समजूतही २३ स्त्रियांच्या चाचण्यांत टिकली नाहीं. त्या दिवसांत मुलीस घरीं ठेवणाऱ्या पालकांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

१९१४ पासून बिने यांच्या पद्धतीनें बुद्धिमापन करण्याचें काम त्यांजकडे आलें. मंदबुद्धि म्हणून पाठविलेलीं कांहीं मुलें मुळींच मंद नसत. वाढत्या वयाच्या अडचणींनीं तीं गांजलेलीं असत. १९१६ मध्यें डॉक्टरेट मिळवून त्या अध्यापिका झाल्या, व १९२२ सालीं न्यूयॉर्कच्या एका शाळेंत ५० कुशाग्र मुलांचे खास वर्ग त्यांनीं चालविले. बुद्धि बहुतांशीं उपजतच असते हें त्यांचें म्हणणें मात्र आम्हांस पटत नाहीं. घर, अन्न व शाळा यांनींही गुणांक पालटतो, हें आतां सिद्ध झालें आहे. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनीं धारवाड येथें बिनेच्या कसोट्या मराठी व कानडी मुलांकरितां नव्यानें बसविल्या, त्या याच कारणास्तव, कीं परक्या मुलुखाचें माप येथें जसेंच्या तसें चालत नाहीं.

२७ नोव्हेंबर १९३९ रोजीं कर्करोगानें बाईंचा अंत झाला. अत्यंत बुद्धिमान मुलांवरील त्यांचा अपुरा ग्रंथ हॅरी यांनीं पुरा करून १९४२ सालीं प्रसिद्ध केला.