सुई हलली तो क्षण

होस्टेलच्या वॉशिंग मशिनमध्ये कपडे टाकायचे आणि झालं का ते बघायला दर दहा मिनिटांनी जिने उतरायचे, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. गेलो तर मशिन चालूच. नाही गेलो तर आपले ओले कपडे कुणीतरी बादलीत कोंबलेले! ही पायपीट आता वाचवता येते. मशिनच्या फेज वायरभोवती सीटी क्लॅम्प लावायचा. करंट उतरला की मोबाईलवर मेसेज. या क्लॅम्पच्या पोटात एक कडं असतं आणि त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्याचा मूळपुरुष ज्याने गुंडाळला, त्याची ही गोष्ट.

मायकेल फॅरेडे. जन्म २२ सप्टेंबर १७९१, लंडनजवळ. वडील लोहार, तेही आजारी. घरात खायची ओढाताण, शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. तेराव्या वर्षी पोरगा एका पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला, मग सात वर्षं बाइंडिंगची उमेदवारी. पुस्तकं बांधता बांधता पठ्ठ्या ती वाचून काढायचा. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. याने टिपणं काढली, स्वतः बाइंड केली आणि थेट डेव्हींना पाठवली. १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवतो. याच्या वहीने त्याला नोकरी मिळवून दिली!

पुढे सगळं गोड नव्हतं. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीचं सभासदत्व मिळताना विरोध केला तो खुद्द डेव्हींनीच.

विजेपासून चुंबकत्व मिळतं हे १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवलं होतं. मग चुंबकत्वापासून वीज का नाही? फॅरेडेने अनेकदा प्रयत्न केले, हाती काही लागलं नाही. १८२५ मध्ये जिनिव्हाच्या कोलाडॉनने कॉइलमध्ये चुंबक सरकवून पाहिला. चुंबकाने मीटर बिघडू नये म्हणून मीटर ठेवला दुसऱ्या खोलीत. चालत तिथे जाईपर्यंत सुई पुन्हा जागेवर! म्हणजे आपल्या वॉशिंग मशिनसारखंच झालं.

२९ ऑगस्ट १८३१. फॅरेडेने सुमारे सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर दोन वेगवेगळ्या कॉइल गुंडाळल्या. एकीला बॅटरी, दुसरीच्या तारेजवळ चुंबकसुई. बॅटरी जोडली, सुई हलली आणि थांबली. करंट वाहतोय तोवर काहीच नाही. बॅटरी काढली, सुई पुन्हा हलली! सगळे जण कायम टिकणारा परिणाम शोधत होते. याने चालू-बंद होतानाचा तो झटका पकडला. वीज मिळते ती बदलातून. गणित कच्चं असलेल्या या माणसाच्या कड्यातून पुढे ट्रान्सफॉर्मर आला.

आपल्या एसी सप्लायमध्ये करंट सतत बदलतच असतो, म्हणून मशिन चालू असेपर्यंत सीटी सिग्नल देत राहतो. आम्ही आधी क्लॅम्प अख्ख्या केबलभोवती लावला, रीडिंग शून्य! जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना खोडून काढतात. मग इलेक्ट्रिशियनकडून फेज वायर वेगळी करून घेतली. दुसरी गंमत म्हणजे कपडे भिजत असतानाही करंट उतरतो आणि खोटा मेसेज येतो. म्हणून करंट सलग पाच मिनिटं कमी राहिला तरच काम संपलं असं धरायचं.

फॅरेडेने सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. उतारवयात स्मरणशक्ती दगा देऊ लागली, तेव्हा एकेक काम स्वतःहून सोडलं. १८६०-६१ च्या हिवाळ्यात मुलांसाठी शेवटची नाताळ व्याख्यानं दिली, विषय होता साधी मेणबत्ती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला.

दुसऱ्या खोलीत काय चाललंय ते आता सीटी सांगतो. पण सुई हलते तेव्हा समोर हजर असणं आणि तो झटका सोडून न देणं, हे मात्र आपल्यालाच जमवावं लागेल. आणि हो, मेसेज आला की कपडेही आपणच काढायचे!